पडेगावच्या बारवेतलं जहाज

सांडू पाचव्यांदा खुर्चीतून उठला, तेव्हा मागच्या रांगेतल्या माणसानं त्याच्या सदऱ्याचं टोक धरून त्याला खाली बसवलं.

"अवो पाव्हणं, बसा की! पडद्यावर तुमचंच डोस्कं दिसायलंय."

"डोस्कं नाय, हात दिसणार हाय," सांडू वळून म्हणाला. "आन् तो बी आजून यायचाय."

मागच्या माणसानं शेंगा फोडायला घेतल्या.

औरंगाबादेत, स्टेशनकडच्या टॉकीजमध्ये, दुपारी बाराचा खेळ चालू होता. सिनेमाचं नाव 'डूबा जहाज, सोने का ताज'. अर्धं पडेगाव बघायला आलं होतं, आणि कांद्याच्या ट्रकमधून आलं होतं, त्यामुळे हिरॉइन अजून रडायची होती तरी पुढच्या चार रांगांत डोळ्यांना पदर लागलेले होते. पाण्याखाली दोन मिनिटं श्वास कोंडून राहणारा सांडू कोरड्या खुर्चीवर मात्र दोन मिनिटं टिकत नव्हता. उठत होता, बसत होता, टोपी काढून मांडीवर ठेवत होता, पुन्हा घालत होता.

"अवो, कितींदा उठताल?" शेजारी बसलेली त्याची बायको द्वारकाबाई म्हणाली. "पोट बिघडलंय का?"

"पोटाला काय धाड भरलीय?"

"मंग बसा गप."

पलीकडच्या खुर्चीवर चांदपाशा होता. तो पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा आणि दुरुस्त करता करता अर्धे पाने विहिरीत पाडायचा. ते सांडू काढून द्यायचा. दोघांची दोस्ती अशा रीतीनं पक्की झालेली होती. चांदपाशा म्हणाला, "बैठ ना रे सांडू. तेरा हात कहीं जाता क्या? आता की सामने."

सांडू बसला.

सांडू हा पडेगावचा पाणबुड्या. विहिरीत पडलेलं काढून देणं हा त्याचा धंदा. निजामावर पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. त्या दिवसांत लोकांनी घाईघाईनं विहिरींत बरंच काही टाकून दिलं होतं. पुढं काही जण ते वर काढायला सांडूला बोलवत, तर काही जण ते आणखी खोल सरकवायला. दोन्ही कामं त्यानं सारख्याच प्रामाणिकपणे केली आणि कुणाचं काय होतं ते कुणाला सांगितलं नाही. तिथून त्याचं नाव झालं. मग बादल्या, घागरी, मोटारीचे फूटव्हॉल्व्ह, नवऱ्यावर रुसून फेकलेली जोडवी आणि अधूनमधून माणसं. दुष्काळाची दोन वर्षं तेवढी वाईट गेली. विहिरीच आटल्या, बुडणार कशात?

धंदा नवराबायकोचा होता. सांडू कमरेला दोर बांधून खाली जायचा आणि दोराचं दुसरं टोक काठावर द्वारकाबाईच्या मुठीत असायचं. खालून एक हिसका आला की वस्तू सापडली, दोर ओढा. वरून दोन हिसके दिले की पुरे झालं, आता वर या. एवढीच त्यांची भाषा. काही जोडप्यांत तेवढीही नसते.

आता एक गोष्ट सांडूनं स्वतःच्या हातानं बिघडवून ठेवली होती. तो अंधारातून सुईएवढी चमकी काढून आणायचा, म्हणून लोक म्हणू लागले, सांडूला पाण्यात मांजरासारखं दिसतं. सांडूनं ते कधी खोडून काढलं नाही. उलट हॉटेलात बसून, बशीत चहा ओतत, तो म्हणायचा, "दिसतं म्हंजे? तळाचे खडे मोजून घ्या." धंद्याला बरं असतं. डोळ्यांची कीर्ती पसरली तर लांबून बोलावणी येतात. चाचपडणाऱ्याला कोण बोलावतो?

तळाशी प्रत्यक्षात काळोख असायचा. गाळ उठला की डोळे उघडे ठेवले काय आणि मिटले काय, सारखंच. हातानं शोधायचं. भिंतीपासून सुरुवात करायची, तळवा टेकवायचा, अर्धं वर्तुळ फिरवायचं, एक वीत पुढं सरकायचं. बाया जमीन सारवतात तसं. पण ही गोष्ट सांडूखेरीज कुणी पाहिली नव्हती, आणि सांडूनंही पाहिली नव्हती, कारण तिथं दिसतच नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी पोळ्याच्या आदल्या दिवशी गावातल्या तात्यासाहेबांच्या पायऱ्यांच्या बारवेत बन्सी पडला. बन्सी द्वारकाबाईचा धाकटा भाऊ. बैल धुवायला पाणी काढताना पायरीवरून पाय घसरला. पाणबुड्याचा मेव्हणा, पण त्याला पोहता येत नव्हतं. आज शिकवतो, उद्या शिकवतो म्हणत सांडूनं दोन उन्हाळे घालवले होते.

त्या दिवशीही दोराचं टोक द्वारकाबाईच्याच हातात होतं. दुसऱ्या कुणाला तिनं धरू दिलं नाही. सांडू सात वेळा खाली गेला. सातही वेळा तिनं दोन हिसके दिले नाहीत. छाती फुटायला आली की तो आपणहून वर यायचा आणि मान हलवायचा. सातव्यांदा वर आला तो पायरीवर पालथाच पडला. तिसऱ्या दिवशी बन्सी वर आला. मोटेच्या बाजूच्या कोपऱ्यात पाण्याखाली दगडाची कपार होती, तिच्यात तो अडकला होता.

द्वारकाबाईनं त्यानंतर एकदाच विचारलं, "तुमाला तळाचे खडे दिसत्यात. माझा भाऊ कसा दिसला नाय?"

"द्वारके, खाली दिसत नसतंय."

"मंग हाटेलात काय सांगता?"

तो विषय द्वारकाबाईनं पुन्हा काढला नाही. दुसऱ्या विहिरींवर दोर धरायची, वेळेवर दोन हिसके द्यायची, भाकरी करायची, सगळं करायची. त्या बारवेकडे मात्र ती अकरा वर्षांत फिरकली नाही.

आणि सिनेमावाले नेमके त्याच बारवेत जहाज बुडवायला आले.

सिनेमा काढणारे वैजापूरचे काकासाहेब, कांद्याचे व्यापारी. कांद्यानं एका वर्षी त्यांना इतकं वर नेलं की खाली उतरायला सिनेमाखेरीज दुसरा रस्ता उरला नाही. समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता आणि तो त्यांना गरजेपेक्षा मोठा वाटला होता. एवढ्या पाण्याचं काय करायचं? गोष्ट खजिन्याची, तर खजिना मावेल एवढं पाणी पुरे. म्हणून बारव. जहाज लांब दिसावं म्हणून लहान केलं होतं. ते चांदपाशानं डालडाच्या डब्यांच्या पत्र्यापासून बनवलं आणि त्याच्या एका बाजूला डब्यावरचं माडाचं झाड शेवटपर्यंत दिसत राहिलं.

मुंबईच्या हिरोनं बारवेत वाकून पाहिलं आणि आपल्याला सर्दी झाल्याचं सांगितलं. तेव्हा पाण्याखालचा हिरो म्हणून सांडूला घेतलं. डायरेक्टर म्हणाला, "चेहरा अजिबात दिसता कामा नये. फक्त हात." सांडूच्या डाव्या करंगळीचं एक पेर मोटारीच्या पट्ट्यात गेलेलं होतं. हिरोची दहाही बोटं धड होती. पण या तपशिलाकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

पहिल्या दिवशी डायरेक्टरनं तळाशी पितळी नाणी टाकायला लावली. सांडूला सांगितलं, "खाली जायचं, खजिना सापडल्यासारखं करायचं. कॅमेरा दुपारी येईल. तोवर तालीम." सांडूनं दुपारपर्यंत तालीम केली. कॅमेरा आला तेव्हा पायरीवर गोणपाटावर सगळी नाणी घासूनपुसून मांडलेली होती. शेजारी तात्यासाहेबांच्या आईचा हरवलेला तांब्या, एक पाना आणि चार वर्षांपूर्वीचा फूटव्हॉल्व्ह.

"हे काय?" डायरेक्टर ओरडला.

"तुमचं सामान पडलं व्हतं," सांडू म्हणाला. "एक बी ऱ्हायलं नाय. बघून घ्या."

"अरे, ते टाकलं होतं! तिथंच राहायला हवं होतं!"

"आन् सापडल्यावर ठिवून यायचं?" सांडूनं विचारलं. सत्तावीस वर्षांत असं काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तात्यासाहेबांना मात्र सिनेमा तिथंच आवडून गेला. आईचा तांब्या छातीशी धरून ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी चांदपाशानं काच बसवलेल्या पत्र्याच्या पेटीत कॅमेरा आणि दिवा घालून काठावरून दोरीनं पाण्यात सोडला. सांडूचा दोरही चांदपाशानंच धरला. सांडू खाली गेला. काय शोधायचं ते डायरेक्टरनं सांगितलं नव्हतं, "शोधत राहा" एवढंच म्हणाला होता. सांडूनं भिंतीला तळवा टेकवला आणि तिथून पुढं हात आपल्या आपण मोटेच्या कोपऱ्याकडे गेला. कपारीच्या दगडाशी गेला. वर आल्यावर त्याला कळलं की पेटीचा दिवा त्याच्या मागोमाग चालत होता.

त्या दिवसापासून त्याला झोप नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्याबरोबर खाली आलं होतं. तळाशी काय असतं हे आता पडद्यावर दिसणार होतं. द्वारकेला दिसणार होतं. सिनेमा केव्हा येतो हे विचारायला तो चार वेळा वैजापूरला जाऊन आला. काकासाहेबांना वाटलं, पोरगं अगदीच हिरो व्हायला निघालं. पोरगं तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचं होतं.

पडद्यावर आता हिरोनं समुद्रात उडी मारली.

सांडू सहाव्यांदा उठला. "आलं! द्वारके, बघ, आलं!"

आणि तो उभ्याचा उभाच राहिला.

पडद्यावरचं पाणी निळंशार होतं. सराफाच्या दुकानात नसेल असा उजेड तळाशी पसरला होता. पिवळी वाळू, त्यावर शिंपला, एका बाजूनं लाल मासा आला, दुसऱ्या बाजूला जाऊन काचेला थडकला आणि परत फिरला. हिरो केसांचा भांगही न मोडता पोहत होता. लांबून त्याला एक नाणं दिसलं. त्यावरचं अक्षरसुद्धा दिसलं.

"ही बारव नाय," सांडू पुटपुटला.

द्वारकाबाई पडद्याकडे बघत होती. तिनं चेहरा वळवला नाही. हळूच म्हणाली, "लई सोच्छ दिसतंय की."

"अगं, ते..."

"सुई पडली तरी दिसंल."

सांडू बसला. मागचा माणूस म्हणाला, "आता कसं!" सांडूला ते ऐकू आलं नाही. कानात दडे बसतात तसे बसले होते.

इंटरवल झाला तेव्हा निम्मी जनता घरी गेली. पडेगावची मात्र जाऊ शकत नव्हती, कारण ट्रक सिनेमा सुटल्यावर निघणार होता. सांडू बाहेर धावला. काकासाहेब भज्यांच्या गाडीपाशी उभे होते. लोक बाहेर पडताना दिसले की ते तोंड भिंतीकडे करायचे.

"काकासाहेब, ते निळं पाणी कुठलं हाय?"

"मुंबईचं. मासे पाळायची काचेची पेटी असती ना, तिच्यापुढं हिरोला टांगला व्हता."

"आन् बारवेतलं माझं? फेकलं व्हय?"

काकासाहेबांनी भजं तोंडात टाकलं. "डायरेक्टर म्हणला व्हता, फेका. काळंकुट्ट हाय, काय बी दिसत नाय म्हणला. पर शिनेमाच भरंना! दीड तासातच खजिना सापडायला लागला. मी म्हणलं, आपण इकत घेतलेला माल आपण फेकत नसतो. घाला सगळं, जिथं जागा ऱ्हाईल तिथं घाला. येतंय आता."

"समदं घातलंय?"

"समदं. म्हणून तर लोक चाललेत."

सांडूनं काकासाहेबांचे पाय धरले. काकासाहेब दचकून मागं सरले. त्या दिवसात त्यांच्या सिनेमाबद्दल एवढा आदर कुणी दाखवला नव्हता.

सांडू खुर्चीवर परत आला. द्वारकाबाई तशीच बसली होती. शेंगांची पुडी तिनं उघडली नव्हती.

"द्वारके, आता यील ते बारवेतलं हाय. खरं हाय ते."

"बरं."

"पयलं खोटं व्हतं. काचेच्या पेटीतलं."

"बरं म्हणलं ना."

पडद्यावर व्हिलन हसला, मग हिरो हसला, मग दोघांनी गाणं म्हटलं. हिरो पुन्हा पाण्यात शिरला. निळं पाणी दिसलं, आणि एकाएकी सगळा पडदा काळा झाला.

पाचदहा सेकंद लोकांनी वाट पाहिली. मग एक शिट्टी आली.

"लाइट! लाइट!"

"अबे आपरेटर, सो गया क्या?"

"पैसे परत करा!"

खुर्च्या आपटू लागल्या. काळ्या पडद्यावर हिरवट काही हलत होतं ते कुणाला दिसलं नाही. गाळ होता तो. दिव्याचा उजेड वीतभर जात होता आणि गाळात विरत होता. संगीत नव्हतं. काकासाहेबांचे पैसे बहुधा तोवर संपले होते. मशीनची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग त्या वीतभर उजेडात एक तळवा आला. दगडाला टेकला. अर्धं वर्तुळ फिरला. एक वीत पुढं सरकला. पुन्हा टेकला. त्या हाताची करंगळी एका पेरानं तोकडी होती.

शिट्ट्यांचा कहर झाला. कुणीतरी शेंगांची टरफलं फेकली. चांदपाशा उठून मागं ओरडला, "चुप बैठो ना रे! मैं बनाया वो डब्बा!"

सांडू बायकोकडे बघत होता. पडदा त्यानं पाहिलाच नाही. त्याला पाठ होता तो.

द्वारकाबाई पुढं वाकली होती. हात दिसायचा आणि जायचा. गेला की काळं. आला की दगड. मध्ये बुडबुडे वर जायचे. तळवा कपारीच्या कडेशी आला, कडेवरून फिरला, आत वळला आणि हातभर आत जाऊन थांबला. तिथून तो हलेना.

"ती कपार व्हय?" तिनं विचारलं. एवढ्या गोंगाटात सांडूला ते कसं ऐकू आलं कोण जाणे.

"व्हय."

"मोटेकडची?"

"व्हय. तवा हात कडेपोतर गेलता. कडेलाच भिंत हाय आसं वाटलं. आत पोकळ हाय ते कळलं नाय, द्वारके. सात येळा कळलं नाय."

"आन् दिसत काईच नाय."

"काईच नाय."

"हाटेलात मंग..."

"खोटं बोललो. पयल्यापासून."

पडदा काळाच होता. तळवा अजून कपारीत होता. श्वास किती उरला असेल याचा हिशेब काठावरच्या माणसाला अंगात मुरलेला असतो. द्वारकाबाईची छाती वरखाली होऊ लागली. तिचा हात अंधारात चाचपडत शेजारी आला, सांडूच्या सदऱ्याच्या बाहीला लागला. बाही तिनं मुठीत धरली.

आणि दोन हिसके दिले.

जरा थांबून तिनं पुन्हा दिले. दोन.

सांडूच्या तोंडून मोठा श्वास बाहेर पडला.

पडद्यावर लख्ख उजेड झाला. कोरड्या कपड्यांतला हिरो सोन्याचा ताज डोक्यावर घालून उभा होता आणि त्याची करंगळी पूर्ववत झाली होती. उजेड परत आला म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी त्या सिनेमाला तेवढ्याच मिळाल्या.

पुढं जहाज एकदा जळलं आणि पुन्हा एकदा बुडलं. माडाचं झाड आगीतूनही वाचलं. सांडू त्यानंतर एकदाही उठला नाही.

दिवे लागले. दारं उघडली. बाहेर कांद्याचा ट्रक हॉर्न वाजवू लागला. चांदपाशा दोनदा येऊन बघून गेला. मागच्या रांगेतला माणूस टरफलं झटकत उठला, पुढं येऊन थांबला.

"पाव्हणं," तो म्हणाला, "आता उठा की. संपला शिनेमा."

सांडू बसूनच राहिला. बाहीचं टोक अजून द्वारकाबाईच्या मुठीत होतं.